अलॉय चाकं: जुना रंग काढून पावडर कोटिंग करावं की स्प्रे पेंट?

वळणवाट
मंडळी, माझ्या मोटारसायकलच्या दोन्ही अलॉय चाकांचा रंग गेलाय. रिमच्या कडेने क्लिअर कोटखाली, म्हणजे वरच्या पारदर्शक थराखाली, पांढरट रेषा अळीसारख्या वळवळत पुढे सरकल्या आहेत. नखाने टोकरलं की पापुद्रा सुटतो आणि खालून पांढरी भुकटी पडते. मागच्या चाकाला चेनच्या बाजूला तर जागोजागी उघडं ॲल्युमिनियम दिसतंय.

टायर आता बदलायचेच आहेत, म्हणजे चाकं तशीही उतरणार. तेव्हाच रंगाचं उरकून घ्यावं असं मनात आहे. गाडी रोजच्या वापरातली. पावसात, चिखलात, खडीवर सगळीकडे जाते. पावडर कोटिंग म्हणजे कोरडी रंगपूड फवारून चाक भट्टीत पिकवायचं, एवढं कळलंय. जिथे विचारलं तिथे दोनच उत्तरं मिळाली: "पावडर कोटिंग करा, पुन्हा बघायला नको" आणि "भट्टीत अलॉय कमजोर होतं, रंगच मारा". सांगणारे दोघेही ठाम. यातलं खरं काय? आणि जुना रंग काढायचा कसा? पाना हातात धरायची सवय आहे, स्प्रे गनही चालवलेली आहे. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सविस्तर लिहा.

तिसरा_गियर
पावडर. डोळे झाकून.

गंजशत्रू
डोळे उघडे ठेवूनच हो!

ताई, तुम्ही वर्णन केलाय तो फिलिफॉर्म गंज. क्लिअर कोटला कुठेतरी खडा लागतो, बारीक चीर पडते, ओल आणि क्षार आत शिरतात आणि गंज फिल्मच्या खालून वाट काढत जातो. वरून नवा रंग मारला तरी तो आतून चालूच राहतो. त्यामुळे पावडर की पेंट हा प्रश्न नंतरचा. आधी ते पांढरं मुळासकट निघालं पाहिजे, चकचकीत धातू दिसेपर्यंत. खड्डा खोल असेल तर तळाशी उरलेला पांढरा ठिपकाही सोडू नका, पुढच्या पावसाळ्यात फुगा तिथेच येतो.

धातू स्वच्छ झालाय का हे बघायला एक सोपी परीक्षा आहे. चाक धुऊन वर साधं पाणी ओता. पाणी सलग पसरून पातळ पडदा धरत असेल तर पृष्ठभाग तयार आहे. कुठे पाणी फाटलं, थेंब होऊन बाजूला सरलं, तर तिथे अजून तेल, मेण किंवा चेन स्प्रेचा अंश आहे. चेन स्प्रे फार चिवट असतो, एकदा पुसून जात नाही. ही परीक्षा केल्याशिवाय प्रायमरचा डबा उघडू नये असं माझं मत आहे.

तिसरा_गियर
मान्य, तयारीबद्दल वाद नाही. पण तयारी सारखीच केली तर पावडर जास्त टिकते. एका कोटला ६० ते ८० मायक्रॉन जाडी सहज मिळते, त्यात थिनर उडून जायचा भाग नाही, ओघळ येत नाहीत. खडीवर चालणाऱ्या गाडीला हेच हवं. माझ्या चाकांवर खडे बसून बसून डाग पडलेत, पण फिल्म सुटलेली नाही.

रंगपेटी
आणि जेव्हा सुटते तेव्हा?

पावडरचा दोष तिथेच आहे. पेंटला टवका गेला तर तेवढी जागा घासून, प्रायमर देऊन, रंग मारून मिसळता येते. पावडरला तशी मिसळ जमत नाही, नीट करायचं तर चाक पुन्हा पूर्ण उघडं करावं लागतं. आणि जाड फिल्मखाली गंज शिरला तर बाहेरून लवकर कळतही नाही. टू-के पेंट, म्हणजे हार्डनर मिसळायचा रंग, नीट लावला तर पेट्रोल, ब्रेक ऑइलचे शिंतोडे, केरोसीनची धुलाई हे सगळं बऱ्यापैकी सोसतो. हार्डनरशिवायच्या साध्या स्प्रे डब्याबद्दल बोलत नाहीये. त्यावर ब्रेक ऑइलचा थेंब पडला की रंग सुरकुतून वर येतो.

ओतशाळा
भट्टीच्या मुद्द्यावर कोणी नीट लिहिलेलं नाही म्हणून लिहितो. धातूंच्या ओतकामातच असतो.

ओतीव अलॉय चाकं बहुधा ए-३५६ जातीच्या मिश्रधातूची असतात. ॲल्युमिनियममध्ये साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि अर्ध्या टक्क्याहून कमी मॅग्नेशियम. ओतल्यावर त्यांना टी-६ उष्णतासंस्कार देतात. आधी ५४० अंशांच्या आसपास तापवून पाण्यात विझवायचं, मग १५५ ते १७० अंशांना काही तास मुरू द्यायचं. या मुरण्यात धातूच्या आत मॅग्नेशियम-सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात, ताकद त्यांच्यामुळे येते. जास्त तापमानाला जास्त वेळ ठेवलं की हे कण मोठे होत जातात, त्यांची संख्या घटते आणि धातू मऊ पडतो.

पावडर पिकवायला धातूचं तापमान १८० ते २०० अंश आणि वेळ १० ते २० मिनिटं लागते. एकदा, नियंत्रित भट्टीत हे झालं तर ओतीव चाकावर फरक किरकोळ पडतो. "भट्टीत अलॉय कमजोर होतं" हे सरसकट विधान म्हणून चूक आहे. पण त्यात तथ्याचा अंश आहे. चाक तासन् तास भट्टीत विसरलं, तापमान २३० वर गेलं, किंवा रंग बदलत बदलत तेच चाक पुन्हा पुन्हा भाजलं, तर हा परिणाम साठत जातो. वाकलेली रिम सरळ करताना गॅसच्या ज्योतीने तापवतात, तो प्रकार भट्टीपेक्षा कितीतरी वाईट, कारण तिथे एकाच जागी किती तापलं ते कोणीच मोजत नाही.

फोर्ज केलेली, म्हणजे दाबून घडवलेली चाकं आणि मॅग्नेशियमची चाकं यांचा हिशोब वेगळा. त्यांना भट्टी दाखवायच्या आधी उत्पादकाची सूचना वाचा, आणि मनाई असेल तर ती पाळा.

वळणवाट
ओतशाळा, इतकं नीट कोणीच सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. माझी चाकं ओतीव आहेत आणि एकदाही भट्टीत गेलेली नाहीत. मग पावडरवाल्याला विचारायचं काय? त्याची भट्टी नीट आहे हे मला कसं कळणार?

ओतशाळा
एकच प्रश्न विचारा: "तापमान हवेचं मोजता की धातूचं?" भट्टीवरचा आकडा आतल्या हवेचा असतो. चाकाचे आरे पातळ, ते पटकन तापतात. हब, म्हणजे मधला भाग, जाड, तो मागे राहतो. काटा २०० दाखवतो तेव्हा हब १५० वरच असू शकतो. तिथून मिनिटं मोजायला घेतली तर हबवरची पावडर कच्ची राहते. दिसायला अगदी चकचकीत, पण खडा लागला की काचेसारखी उडते. नीट काम करणारा माणूस हबला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावतो आणि हब तापल्यावर वेळ धरतो.

भट्टीकर
मी हेच काम करतो, म्हणून थोडी भर.

ओतीव धातूत सूक्ष्म छिद्रं असतात. त्यात हवा, ओल, जुन्या रिमूव्हरचा अंश दडलेला असतो. पावडर वितळत असतानाच तो वायू बाहेर आला की फिल्मवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. म्हणून चाक आधी कोरंच भट्टीत घालायचं, पिकवण्याच्या तापमानापेक्षा १०-२० अंश वर, थोडा वेळ. जे बाहेर यायचं ते तेव्हाच येऊन जातं. मग थंड करून पावडर. घाईच्या दुकानांत हीच पायरी गळते, तेव्हा ती करतात का हे विचारून घ्या.

दुसरं, हब आणि आऱ्यांच्या बेचक्यात पावडर सहज जात नाही. पावडर विद्युतभारित असते, विद्युतक्षेत्राच्या रेषा बाहेरच्या कडांवर जमतात आणि आतला कोपरा उपाशी राहतो. याला फॅरेडे केज म्हणतात. गनचं व्होल्टेज कमी करून, आधी कोपरे भरून मग बाहेरची बाजू मारावी लागते. काम परत घेताना विजेरी लावून बेचकीच बघा, समोरची बाजू सगळ्यांचीच छान दिसते.

आणि पावडर पॉलिस्टरचीच मागा. नुसती इपॉक्सी उन्हात खडूसारखी पिठूळ होते, बोट फिरवलं की बोटाला रंग लागतो. खाली इपॉक्सी प्रायमर आणि वर पॉलिस्टर हे मात्र उत्तम.

तिसरा_गियर
भट्टीकर, हे वाचून माझ्याच चाकाची बेचकी बघायला खाली जातोय. :)

चिखलगाडी
जुना रंग काढायला कॉस्टिक सोडा बेस्ट. लोखंडी गेटचा रंग एका रात्रीत उतरवला होता.

गंजशत्रू
नको! चिखलगाडी, लोखंडाला चालतं ते ॲल्युमिनियमला चालत नाही. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं, उष्णता निघते आणि हायड्रोजन वायू सुटतो. बेअरिंगची बैठक पाव मिलिमीटरने जरी खाल्ली गेली तरी ते चाक संपलं. कृपया कोणीही हे वाचून करून बघू नका.

रंगपेटी
गंजशत्रू यांच्याशी शंभर टक्के सहमत.

जेल रिमूव्हरबद्दलही सावध. झटपट काम करणारे जुने रिमूव्हर मिथिलीन क्लोराइडचे. ते रंग मिनिटांत फुगवतात, पण त्याची वाफ शरीरात गेली की तिचं कार्बन मोनॉक्साइड होतं. बंद खोलीत माणसं दगावली आहेत. अमेरिकेने २०१९ मध्ये रंग काढण्यासाठी त्याची किरकोळ ग्राहकांना विक्री बंद केली. साधा कोळशाचा मास्क त्यापुढे फार काळ टिकत नाही. बेंझिल अल्कोहोलवर आधारलेले रिमूव्हर हळू चालतात, प्लॅस्टिकने झाकून कित्येक तास ठेवावं लागतं, पण घरी करायचं तर तेच. तेही उघड्यावर, जाड हातमोजे आणि गॉगल घालून.

चिखलगाडी
बरं झालं सांगितलंत. माझा प्रतिसाद मागे घेतो. मग सरळ ब्लास्टिंग, म्हणजे दाबाने कण मारून रंग उडवणं, का नको? दहा मिनिटांत काम.

पान्हे_बारा_तेरा
कारण ब्लास्टिंगने तडा झाकला जातो.

गॅरेजमध्ये असे प्रसंग बघितलेत म्हणून पोटतिडकीने लिहितो. ब्लास्टिंगचा प्रत्येक कण धातूच्या पृष्ठभागावर ठोका मारतो. केसाएवढा तडा असेल तर त्याचं तोंड या ठोक्यांनी बुजतं. वर रंग बसला की चाक नव्यासारखं दिसतं आणि तडा आत जिवंत राहतो. म्हणून क्रम असा: आधी रसायनाने रंग काढा, मग तडा तपासा, मग गरज असेल तर हलकं ब्लास्टिंग. तेही काचेच्या मण्यांनी किंवा बारीक ॲल्युमिनियम ऑक्साइडने, कमी दाबावर. वाळू नको. धातूही ओरबाडला जातो आणि ती धूळ फुप्फुसात गेली तर सिलिकोसिस होतो.

तडा तपासायला डाय पेनिट्रंटचा तीन डब्यांचा संच मिळतो. चाक क्लीनरने पुसून कोरडं करायचं. लाल डाय फवारून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. मग क्लीनर फडक्यावर घेऊन पुसायचं, थेट चाकावर मारायचा नाही, नाहीतर तड्यातला डायही धुऊन निघतो. शेवटी पांढरा डेव्हलपर. सगळं चाक खडूसारखं पांढरं होतं आणि तुम्ही बघत राहायचं. तडा नसेल तर पांढरंच राहतं. असेल तर आरा जिथे रिमला मिळतो त्या वळणावर एक लाल रेघ हळूहळू उमटते, आधी फिकट, मग ठसठशीत. ओतीव धातूच्या छिद्रांमुळे कधी सुटे लाल ठिपके येतात, त्यांनी घाबरू नका. रेघ दिसली तर मात्र तो रंगाचा विषय राहत नाही.

वळणवाट
हे मला अजिबात माहीत नव्हतं. गेल्या वर्षी मागचं चाक एका खड्ड्यात जोरात आपटलं होतं. संच मागवतेच.

आरेवाला
थोडं अवांतर. माझी जुनी स्पोकची चाकं आहेत, क्रोमची रिम गंजलीय. त्यावर काळी पावडर मारता येईल का?

भट्टीकर
क्रोमवर सरळ नको, पकड मिळत नाही आणि पापुद्रा सुटतो. आधी प्लेटिंगवाल्याकडून क्रोम उलट्या प्रवाहाने उतरवून घ्या, मग ब्लास्ट, मग पावडर. चाक पूर्ण खोलावं लागेल. स्पोकना पावडर मारू नका, आट्या भरतात.

पान्हे_बारा_तेरा
खोलण्याआधी दोन गोष्टी: विणीचा फोटो दोन्ही बाजूंनी, आणि हबच्या तोंडापासून रिमच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. रिम हबच्या बरोबर मधोमध असतेच असं नाही. आणखी एक, निपलच्या बैठकीवर पावडर राहिली तर ती दाबाखाली चिरडते आणि स्पोक ढिले पडतात. तिथली पावडर काढा, आणि गाडी थोडी चालल्यावर ताण पुन्हा तपासा.

आरेवाला
धन्यवाद दोघांनाही. मूळ विषय चालू द्या.

पान्हे_बारा_तेरा
मूळ विषयातच सगळ्यात महत्त्वाचा भाग राहिलाय: कुठे रंग लावायचा *नाही*.

बेअरिंग काढल्याशिवाय चाक भट्टीत घालू नका. ग्रीस वितळतं, रबरी सील जळतं. काढलेलं बेअरिंग परत वापरायचं नाही. आतल्या कड्यावर ठोकून काढलेलं असतं, गोळ्यांच्या मार्गाला मार लागतो. पावडर मारताना बेअरिंगची बैठक, डिस्क बसते तो पृष्ठभाग, बोल्टच्या आट्या, स्पेसरची तोंडं आणि टायरची बीड (रिमला घट्ट बसणारी कडा) टेकते ती जागा झाकलेली हवी. त्यासाठी सिलिकॉनचे बूच आणि उष्णता सोसणारी हिरवी पॉलिस्टर टेप असते.

डिस्कच्या बैठकीवर ७० मायक्रॉनची पावडर काय बिघडवणार असं वाटतं. बिघडवते. ती सगळीकडे सारखी नसते, म्हणून डिस्क तिरकी बसते आणि ब्रेक लिव्हरला ठोके जाणवतात. शिवाय बोल्टच्या दाबाखाली ती फिल्म हळूहळू चेपते आणि बोल्टचा ताण उतरतो. डिस्कचा बोल्ट ढिला पडणं म्हणजे काय ते सांगायला नको. धातूवर धातूच बसला पाहिजे. बोल्टला नवं थ्रेडलॉकर (आट्या सुटू न देणारा चिकट द्रव), आणि टॉर्क रेंच मॅन्युअलच्या आकड्यावर.

नवं बेअरिंग बसवताना ते फ्रीझरमध्ये ठेवा, हब ८०-१०० अंशांपर्यंत गरम करा, जवळजवळ हाताने बसतं. ड्रिफ्ट, म्हणजे ठोकायचा ठोकळा, बाहेरच्या कड्याएवढाच हवा. तळाला टेकलं की ठोक्याचा आवाज बदलतो, बद्द यायचा तो टणक येतो. तिथे थांबा. मग मधली नळी घाला आणि दुसरं बेअरिंग नळीला जेमतेम टेकेपर्यंतच. जास्त दाबलं तर आतल्या कड्यांवर ताण येतो. नळी बोटाने किंचित जोर लावून सरकली पाहिजे.

गंजशत्रू
हा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा.

बीडच्या जागेबद्दल भर घालतो. ट्यूबलेस चाकाला ती जागा ब्लास्टने खरखरीत झाली तर हवा सुटते. जाड पावडर असेल तर टायर बसवताना तिचे तुकडे उडतात आणि पुन्हा हवा सुटते. गुळगुळीत करून प्रायमरचा पातळ थर पुरे. व्हॉल्व्ह नवा घ्या, आणि नंतर बॅलन्सिंग विसरू नका.

रंगपेटी
मी अजूनही पेंटच्याच बाजूने आहे, पण एक इशारा द्यायला हवा. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा दमा एकदा जडला की पुढे थोड्याशा वासानेही त्रास होतो, आणि कोळशाचा मास्क भरत आला की त्याची सूचना नाकाला मिळत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल तर क्लिअर कोट घरी मारू नका. प्रायमर-रंगापर्यंतची घासाई घरी, शेवटचे कोट बूथमध्ये, हा मार्ग चांगला. ब्लास्ट झालं की त्याच दिवशी प्रायमर गेला पाहिजे. ॲसिड एचिंग प्रायमर (आम्लाने धातूला पकड घेणारा) वापरला तर त्यावर थेट इपॉक्सी देऊ नका, डब्यावरच्या सूचना पाहून एकच पद्धत शेवटपर्यंत धरा.

वळणवाट
अपडेट देते. बेंझिल अल्कोहोलच्या रिमूव्हरने रंग काढला. वेळ लागला, पण धातूला ओरखडा नाही. मग डाय पेनिट्रंट केलं. पुढचं चाक स्वच्छ, नुसते सुटे ठिपके. मागच्या चाकावर आऱ्याच्या मुळाशी बोटाच्या पेराएवढी लाल रेघ आली. पुसून पुन्हा केलं, त्याच जागी पुन्हा आली. बाहेरून तिथे रंगही फुगलेला नव्हता.

पुढच्या चाकाला पॉलिस्टर पावडरच करणार, धातूचं तापमान मोजणारा माणूस मिळालाय. मागच्याचं काय? एकजण म्हणतो टिग वेल्डिंग करून देतो.

ओतशाळा
नको. वेल्डच्या आजूबाजूचा टी-६ संस्कार तिथेच संपतो, आणि नेमक्या जास्तीत जास्त ताणाच्या जागी मऊ पट्टा तयार होतो. पूर्ण चाकाला पुन्हा उष्णतासंस्कार द्यायचा तर ते वाकतं. ते चाक वापरातून काढा, आणि दुसऱ्या कोणाच्या गाडीला लागू नये म्हणून रिम कापून भंगारात द्या.

तिसरा_गियर
ताई, हे रंगाच्या निमित्ताने कळलं हे फार बरं झालं.

वळणवाट
खरंच. तेव्हाच तपासायला सांगणाऱ्या सगळ्यांचे आभार, विशेषतः पान्हे_बारा_तेरा. आता मागचं चाक जुन्या बाजारातून घ्यावं लागेल, नवं मिळेना. घेताना काय बघू?

पान्हे_बारा_तेरा
आऱ्यावर ओतलेलं माप आणि फिरण्याचा बाण तुमच्या चाकाशी जुळवा. ॲक्सल घालून फिरवा आणि रिमच्या कडेला सुई धरून डगमग दोन्ही दिशांनी पाहा. कुश रबराची (स्प्रॉकेटचे धक्के शोषणाऱ्या रबरांची) घरं आणि स्प्रॉकेटच्या बोल्टच्या आट्या तपासा. आणि ताजा रंग मारलेलं चाक घेऊ नका, मळकं, जुन्याच रंगाचं घ्या. घरी आणून रंग उतरवा आणि पुन्हा लाल डाय करा, पावडरवाल्याकडे त्यानंतरच.